फौजदारीणबाईंचे उसने कप

चादरीची घडी एकटीला घालता येते, पण ती घरची चादर. दवाखान्याच्या धुलाईखान्यात दिवसाला सातशे-आठशे चादरी गरम रुळाखालून वाफाळत बाहेर पडतात, तिथं एका घडीला दोन बायका लागतात. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, एक झटका द्यायचा, समोरासमोर चालत यायचं, एकीनं आपले कोपरे दुसरीच्या मुठीत द्यायचे, वाकून खालची दुमड उचलायची आणि पुन्हा मागं सरायचं. बोलायचं नाही, बघायचं नाही. पावलं आपोआप पडली पाहिजेत. भिंगरी आणि मामी यांची जोडी दोन वर्षं अशी चालत होती. मामी म्हणजे कुणाचीच मामी नव्हे. वयानं सगळ्यांत मोठी, आवाजानं त्याहून मोठी. आणि भिंगरीचं खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथंच ते राहायचं. पायाला चाक लावल्यासारखी फिरते म्हणून ती भिंगरी.

पण त्या महिन्यात भिंगरीचा कोपरा दर चादरीला अर्धी वीत मागं राहू लागला.

“अगं ए,” मामी म्हणाली, “चादर आहे ही, नवऱ्याशी भांडण नाही. दोघींनी सारखं ओढायचं असतं. अंग इथं आणलंस, जीव कुठं ठेवून आलीस?”

“घरी,” भिंगरी म्हणाली, आणि पुढची चादर उचलली.

घरी काय झालं होतं, ते तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

भिंगरीचा नवरा ट्रकवर. आठवड्यात एखादा दिवस घरी उगवायचा, त्यातला अर्धा झोपायचा. घरात उरल्या तिघी. ती, तिची सासू आणि अडीच वर्षांची खारूताई. हाताला लागेल ते गालात साठवून ठेवायची म्हणून पोरीला ते नाव पडलं. सासूला अख्खी चाळ फौजदारीणबाई म्हणायची. फौजदार नवरा नव्हता, स्वभाव होता. नळावर भांडण लागलं की म्हातारी जिन्यात नुसती येऊन उभी राहायची, आणि लोक घागरी उचलून चालू लागायचे. खारूताई चार महिन्यांची झाली तेव्हा ह्याच सासूनं सांगितलं होतं, “तू जा कामावर. पोरगी माझी.” आणि दोन वर्षं ती शब्दाला जागली.

मग एका दुपारी धुलाईखान्याचा बॉयलर बंद पडला आणि बायकांना लवकर सोडलं. भिंगरी घरी आली तर जिन्याखालच्या दुकानातून शिंपीकाका खारूताईला कडेवर घेऊन बाहेर आले. पोरीच्या गळ्यात मापाची टेप, गालात खडूचा तुकडा.

“हे तुमचं पार्सल घ्या. तासभर झाला, आमच्याकडंच आहे. मला वाटलं, फौजदारीणबाईंनी धाडलंय.”

भिंगरीनं पोरीला घेतलं आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. दार सताड उघडं. आत पलंगाच्या कडेला सासू बसलेली. हात हळूहळू थोपटत होता, तोंडानं बारीक आवाजात गाणं चाललेलं. चाहूल लागताच तिनं ओठावर बोट ठेवलं. “श्श! आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा.”

पांघरुणाखाली उशी होती.

 भिंगरीच्या कडेवरून खारूताई बोलली, “आजी, मी इकडं!”

म्हातारीचा हात थांबला. मग तिनं उशी चाचपली, दोनदा. आणि ताठ मानेनं म्हणाली, “मला ठाऊक होतं. ऊन लागलेली उशी थोपटून मऊ करत होते.”

सुंभ जळतो, पण पीळ जात नाही तो असा.

त्या दिवसापासून भिंगरीला एकेक गोष्ट आठवू लागली. दुधात साखरेऐवजी गेलेलं मीठ. उलटा घातलेला झबला. सासूचे डोळे कधीपासून जात होते कोण जाणे. म्हातारीनं झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवली होती. फोनवर नवऱ्याला सांगितलं तर तो ट्रकच्या आवाजात ओरडून म्हणाला, “तिच्यासमोर डोळ्यांचं नाव काढू नकोस. जेवायची नाही ती.” म्हणजे धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय.

भिंगरीनं चार दिवस रजा काढली. पाचव्या दिवशी धुलाईखान्याच्या साहेबांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही डोक्यावर साहेब होताच.

“एक तारखेला एक कायमची जागा भरायचीय. यादीत तुझं नाव वर आहे. पण एकला सातच्या ठोक्याला तू दारात नसलीस, किंवा त्यानंतर अशा रजा पडल्या, तर खालचं नाव वर जाईल. मी काही करू शकणार नाही, बाई.”

एक तारखेला अठरा दिवस होते. तोवर खारूताईला खालच्या शिंपीणकाकूंनी, म्हणजे शिंपीकाकांच्या बायकोनं, सांभाळायचं कबूल केलं. पण त्यांचाही लग्नसराईच्या कपड्यांचा ढीग पडलेला, त्यामुळं एक तारखेपासून पुढं एक दिवस नाही, असं त्यांनी आधीच बजावलं.

मग पाळणाघरं शोधायची वणवण सुरू झाली. पहिल्या ठिकाणी वीस पोरं एका टीव्हीसमोर ओळीनं बसवलेली. बाई म्हणाली, “आमच्याकडं मुलं अजिबात रडत नाहीत.” भिंगरीला तेच भ्यायला पुरलं. दुसरीकडं जागा सुरेख, बाग, झोपाळा, सगळं. पण वहीत नावांची रांग. “पोटात असतानाच नाव घालायचं असतं, ताई.” भिंगरी म्हणाली, “पोटात होती तेव्हा घरात फौजदार होता, हो.” त्या बाईला काही कळलं नाही.

तिसरं पाळणाघर मामीनं सांगितलं. बस डेपोच्या मागं, पूर्वीच्या गोदामात. आत गेल्यावर आधी दिसले ते गुडघ्याएवढ्या उंचीचे नळ. भिंतीवर खुंट्या, त्याही तेवढ्याच उंचीला, प्रत्येकीवर एक चित्र. ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपली पिशवी कुठली ते कळावं म्हणून. पाळणाघरवाल्या ताई जमिनीवर बसल्या होत्या आणि उठल्याच नाहीत. त्यांनी खारूताईला नाव विचारलं नाही, “टाटा कर, नमस्ते कर” काही नाही. नुसतं म्हणाल्या, “गालात काय आहे?”

खारूताईनं विचार करून एक बटण बाहेर काढलं. ताईंनी आपल्या ओच्यातून एक मोठ्ठं लाकडी बटण काढलं, तोंडात मावणार नाही एवढं. “बदली करायची?”

झाली बदली. भिंगरीनं तिथंच मनाशी ठरवलं, आणि मग फी ऐकली. फी म्हणजे तिच्या पगाराचा निम्मा वाटा. भाडं, दूध, म्हातारीची औषधं हे सगळं उरलेल्या निम्म्यात बसवायचं म्हणजे हत्तीला अंगडं-टोपडं.

“तोंड पाडू नका,” ताई म्हणाल्या. “सरकारच्या समाजकल्याण कचेरीत जा. आई कामावर, पगार तुमच्यासारखा आणि घरी मूल सांभाळणारं कुणी नाही, अशांना कचेरी मदत करते. फीचे तीन वाटे धरा. दोन कचेरी भरते, एक तुम्ही. माझ्याकडची निम्मी मुलं त्यातलीच आहेत. अर्ज माझ्याकडंच आहे, हा घ्या. आणि आजच भरा, उद्यावर टाकू नका.”

अर्ज दोन पानांचा. पगाराची चिठ्ठी, भाड्याची पावती, पोरीचा जन्मदाखला, हे सगळं डब्यात होतंच. अडलं ते एका ओळीवर. घरात मूल सांभाळू शकेल अशी व्यक्ती आहे काय? भिंगरीनं लिहिलं, ‘नाही’. शेजारी बारीक अक्षरात छापलेलं होतं, घरात वडीलधारं माणूस असल्यास डॉक्टरांचा दाखला जोडा, अन्यथा कचेरीचा माणूस घरी येऊन पाहणी करील.

“काय लिहिलंस?” सासूनं पलंगावरून विचारलं.

भिंगरीला लपवता आलं असतं. म्हातारीला कागद थोडाच दिसत होता! पण तिनं जसंच्या तसं वाचून दाखवलं.



“अडीच वर्षं ह्या पोरीचं हगणंमुतणं काढलं,” म्हातारी म्हणाली, “ती कोण होती? शेजारीण?”

“आई, तसं नाही हो. डॉक्टरकडं जाऊन नुसता दाखला—”

“डोळे माझे. मला दिसतंय की नाही ते डॉक्टर कशाला सांगेल? त्याला विचारायला मी काय त्याच्या डोळ्यांनी बघते?”

 म्हातारी त्या दिवशी जेवली नाही. दाखला नाही म्हणजे पाहणी आली. गुरुवारी तीन वाजता चौकशीबाई येणार, असा निरोप मिळाला. दुसऱ्या पाळीतल्या एकीबरोबर पाळी बदलून भिंगरीनं अर्धा दिवस मोकळा केला आणि निघताना सासूला सांगितलं, “आई, घर आहे तसंच राहू द्या. काही करू नका.”

“बरं,” सासू म्हणाली.

तीस वर्षांत ज्या बाईनं कुणाला ‘बरं’ म्हटलं नव्हतं, तिनं ‘बरं’ म्हटलं. भिंगरीनं तेव्हाच ओळखायला हवं होतं.

अडीचला ती घरी आली तर दारातच पाय गालिच्यात रुतला. लाल, जाड, कडेला झालर. खिडकीला हिरवा झुळझुळीत पडदा. एरवी मोडकं स्टूल असायचं त्या जागी गादीची खुर्ची, तिच्या पाठीवर विणलेलं फूल. टेबलावर पांढराशुभ्र कपडा आणि त्यावर सोनेरी काठाचे पांढरे कप, तसलीच किटली. मधोमध कडक इस्त्रीच्या झग्यात खारूताई उभी. तिला खाली बसायची बंदी होती.

“हे काय, आई?”

“शिंपिणीचा गालिचा. पडदा आणि खुर्ची वरच्या मास्तरीणबाईंची. कपही शिंपिणीचेच. आपल्या चहाच्या वाट्यांना पोचे आलेत. सरकारी बाई येणार, घराची काही लाज आहे की नाही?”

आयजीच्या जिवावर बायजी उदार! भिंगरीनं कपाळाला हात लावला.

“अहो आई, ती काय सोयरीक जुळवायला येतेय का? आपल्याला परवडत नाही हे बघायला येतेय ती! हा गालिचा बघितला तर उलट आपल्याकडंच वर्गणी मागेल!”

म्हातारी थबकली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. पाहुणं येतंय म्हटल्यावर घर सजवायचं, एवढंच तिला जन्मभर ठाऊक. “मग... गुंडाळू या का?” ती म्हणाली.

दोघींनी दोन टोकांनी गालिचा धरला, आणि दारावर टकटक झाली. चौकशीबाई पंधरा मिनिटं आधीच आल्या होत्या.

किडकिडीत बाई, काखेत जाडजूड फाइल, दिवसभर जिने चढून घामेजलेली. ती गादीच्या खुर्चीत अंग चोरून बसली. नजर गालिच्यावरून पडद्याकडं आणि पडद्यावरून कपांकडं गेली. 

“गालिचा छान आहे.”

“आमच्याकडं असंच असतं,” फौजदारीणबाई म्हणाली. एकदा सुटलेला शब्द मागं घेईल तर ती फौजदारीण कसली?

“मुलीला कोण सांभाळतं?”

“मी. आणखी कोण? जन्मल्यापासून.”

“तुमच्या सूनबाईंनी अर्जात तर लिहिलंय...”

“लिहीनात का! लिहायला काय जातंय? खोलीत चालून दाखवू?” आणि म्हातारी उठून दहा पावलांत ओट्यापर्यंत गेली, वळली, परत आली. कुठं ठेच नाही, काही नाही. पावलं मोजलेली होती. चौकशीबाईंनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं.

भिंगरीच्या जिभेवर एकच शब्द येऊन उभा होता. उशी. तेवढा बोलला की काम झालं असतं. जागा वाचली असती, पोर वाचली असती. पण परक्या बाईसमोर सासूची ती उशी काढायची, म्हणजे तिचा पदरच ओढण्यासारखं. ज्या बाईनं आपल्याला, चार महिन्यांच्या बाळंतिणीला, ‘जा कामावर’ म्हणून पाठवलं, तिचा? भिंगरीनं शब्द गिळला. तो खडूसारखा कोरडा लागला.

“चहा घ्या,” सासू म्हणाली आणि किटली उचलली.

भिंगरी मदतीला पुढं झाली, तर म्हातारीनं कोपरानं बाजूला सारलं. घरच्या खोलगट वाट्यांमध्ये ती रोज चहा ओतायची. वाटीच्या कडेवरून बोट आत सोडायचं, नखाला चटका बसला की थांबायचं. आजवर एक थेंब सांडला नव्हता, म्हणूनच तर कुणाला संशय आला नव्हता. पण हे कप शिंपिणीचे. बसके, पसरट, पांढरे, आणि खालचा कपडाही पांढराच. म्हातारीचं बोट अंदाजानं पुढं गेलं ते कपाच्या पलीकडं टेकलं. आणि किटलीतून चहाची धार कपड्यावर पडू लागली. पडतच राहिली. डाग पसरत टेबलाच्या कडेला आला. चटक्याची वाट बघत म्हातारी चेहरा हसरा ठेवून ओतत होती.

 

खारूताई तेवढी पुढं आली. चेहऱ्यावर ना हसू, ना भीती. रोजचं काम असावं तसं तिनं आजीचं बोट धरलं, उचललं आणि कपाच्या कडेवर नेऊन ठेवलं. “आजी, इकडं.”

मग वळून आजीची चप्पल वाटेतून उचलून पलंगाखाली सरकवली. तेही रोजचंच असावं.

चौकशीबाईंनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे,” त्या हळूच म्हणाल्या, “ही सांभाळते तुम्हाला.”

फौजदारीणबाईनं किटली ठेवली. चाचपत, हळू ठेवली. तेवढ्यात उघड्या दारातून शिंपीणकाकूंचं डोकं आत आलं. “मावशी, झालं का काम? आमच्याकडं गिऱ्हाईक आलंय, किटली तेवढी—” पुढचे शब्द त्यांनी जिभेसकट चावले.

“किटली तुमची?” चौकशीबाईंनी विचारलं.

“...हो.”

“गालिचा?”

“तोही. पण धुऊन नाही दिला तरी चालेल,” शिंपीणकाकू म्हणाल्या आणि पसार झाल्या.

चौकशीबाई हसायला लागल्या. आधी ओठांत, मग खांदे हलवून. “आजी, मी ज्या ज्या घरात जाते, तिथं कुणाचा तरी उसना गालिचा असतोच. मागच्या महिन्यात तर एकच खुर्ची मला दोन घरांत भेटली. ओळख दाखवली नाही मी तिला.”

म्हातारीच्या तोंडाचा एक कोपरा हलला. ती खाली गालिच्यावरच बसली, नातीला मांडीत ओढलं आणि म्हणाली, “लिहा. मला दिसत नाही. सावल्या दिसतात तेवढ्या. एका दुपारी तासभर उशीला थोपटत बसले होते, पोरगी खाली रस्त्याला. लिहा, उशीचंही लिहा. सुनेनं चाळीत कुणाला सांगितलं नाही, आत्ता तुमच्यासमोरही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं तिनं.” मग आवाज चढला. “पण अर्जात ते ‘नाही’ लिहिलंय ना, ते मला चालायचं नाही. मी आहे.”

चौकशीबाईंनी अर्ज काढला. त्या ‘नाही’वर एक सरळ रेघ मारली, खाली दोन ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. “घरी आजी आहे. जन्मापासून तिनंच सांभाळलं. आता दृष्टी अधू झाल्यानं एकटीनं सांभाळू शकत नाही.”

“हे चालेल,” फौजदारीणबाई म्हणाली. जणू अर्ज तीच मंजूर करत होती.

जाताना चौकशीबाईंनी दवाखान्यात मोतीबिंदू कोण बघतं ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं. सुनेनं दिली असती तर ती चिठ्ठी चुलीत गेली असती. सरकारी बाईनं दिली म्हणून ती डब्यात जन्मदाखल्याशेजारी गेली.

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा एक तारखेला दोन दिवस उरले होते. कचेरीचे दोन वाटे, भिंगरीचा एक. भिंगरीनं पत्र तीनदा वाचलं, मग सासूला वाचून दाखवलं, मग शिंपीणकाकूंना, मग फोनवर नवऱ्याला. तो ट्रक बाजूला घेऊन थांबला होता. “आई जेवली का?” त्यानं विचारलं. “दोनदा,” भिंगरी म्हणाली.

एक तारखेला पहाटे सहालाच तिघी निघाल्या, म्हातारीला परत आणायला शिंपिणीची मुलगीही बरोबर. म्हातारीला घरी थांबायचं नव्हतं. “पोरगी देतोय कुणाच्या ताब्यात ते बघायला नको?” पाळणाघरात तिनं गुडघ्याएवढे नळ सोडून बघितले, खुंट्या चाचपल्या, ताईंचा हात हातात घेऊन दाबून बघितला. “हात चांगला आहे,” असा निकाल दिला. खारूताईला खारीचं चित्र असलेली खुंटी मिळाली होती. तिनं पिशवी अडकवली, लाकडी बटण घट्ट धरलं, आणि दारापर्यंत येऊन आजीचं बोट दाराच्या चौकटीवर नेऊन ठेवलं. मग आत पळाली. रडल्या त्या मोठ्या दोघीच, त्याही एकमेकींना न दाखवता. एकीला तर तसंही दिसत नव्हतं.

सासूला शिंपिणीच्या मुलीबरोबर घरी पाठवून भिंगरी सातच्या ठोक्याला धुलाईखान्याच्या दारात उभी राहिली. साहेबांनी हजेरीपटावर खूण केली.

रूळ तापला. चादरी येऊ लागल्या. झटका, चार पावलं, कोपऱ्याला कोपरा, वाकायचं, मागं सरायचं. मामीनं एकदाही टोकलं नाही. ढीग वाढत गेला, ढकलगाडी भरून गेली, दुसरी आली.

मधेच भिंगरी एकदम थबकली, हातात अर्धी घडी तशीच. “मामी, किती वाजले?”

“साडेबारा. का गं?”

गेले अठरा दिवस ती अकराच्या ठोक्याला ॲप्रनच्या खिशातला फोन काढून शिंपीणकाकूंना लावायची. आज अकरा वाजून गेले, बारा वाजून गेले, आणि तिला आठवणच झाली नव्हती.

“काही नाही,” ती म्हणाली. “फोन करायचा राहून गेला.”

“मग कर की.”

भिंगरीनं खिशाकडं बघितलं, मग हातातल्या चादरीकडं. चारही कोपरे एकावर एक अचूक बसले होते.

“राहू दे,” ती म्हणाली, आणि पुढची चादर उचलली.